इस्त्रीवालीची बोटं

चाळीस वर्षं मी इस्त्री करते आहे. लोकांच्या कॉलरी कडक ठेवता ठेवता माझी बोटं मात्र गुळगुळीत झाली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. इस्त्री किती तापली हे बोटांना बरोबर कळायचं, आणखी काय हवं?

पण हल्ली माणूस माणसाला ओळखत नाही, मशीन ओळखतं, तेही बोटांच्या ठशांवरून. आमचे हे म्हणतात, बोट कशाला, जीभ ठेव त्यावर, लगेच ओळखेल. त्यांना विनोद सुचत होते, माझा जीव टांगणीला लागला होता.

परदेशी असलेल्या लेकीला सातवा महिना. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. घरात दोन वर्षांची नात, आणि जावई बोटीवर. शेजारीण जेवण देऊन जायची, पण नातीमागे दिवसभर धावणार कोण? माझं तिकीट सोमवारचं होतं. व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे तेवढे द्यायचे राहिले होते. नाही उमटले तर पुढची तारीख थेट महिन्यानं.

ठसे स्वच्छ यावेत म्हणून मी त्या दिवशी सकाळी काय करावं? पाय घासायचा दगड घेतला आणि बोटं लालबुंद होईपर्यंत घासली. परीक्षेला जाताना माणूस नीटनेटकं जातंच की. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

व्हिसाच्या ऑफिसात मशीनच्या काचेवर बोट ठेवलं की दिवा लाल. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. मागे रांग कुरकुरायला लागली तसा माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मशीनवरच्या बाईंना म्हटलं, एवढं राबलेलं बोट याला दिसत नसेल तर आधी याचेच डोळे तपासून आणा. बाई लेकीच्याच वयाच्या, पण चिडल्या नाहीत. माझा हात उलटा करून बघितला, हाताला काय केलंत म्हणाल्या. दगडाचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. उरल्यासुरल्या रेघाही मीच घालवल्या होत्या. मग लेकीचं सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रडू आलं, लाजही वाटली.

"मावशी, तिकडे बसा," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत घेते तुम्हाला."

सुट्टीत सगळे जेवायला गेले. या बाईंनी आपला डबा बाजूला सारला. कोमट पाण्यात माझे हात भिजवले, पर्समधलं क्रीम चोळलं, मग एकेक बोट काचेवर ठेवून वरून आपल्या बोटानं दाबलं. करंगळी पहिल्याच फटक्यात आली. ती जन्माची कामचुकार. अंगठ्यानं मात्र सात वेळा रडवलं. मी गप्प बसले होते, हे आमच्या ह्यांना कधी पटायचं नाही. आई गेल्यापासून माझा हात इतका वेळ कोणी हातात घेतला नव्हता. फार बरं वाटलं मला.

दहावं बोट उमटलं तेव्हा सुट्टी संपली होती आणि त्यांचा डबा तसाच होता. मी तोंडभर आशीर्वाद दिला. अजूनही रोज एकदा देते.

शुक्रवारी व्हिसा हातात आला. लेकीला फोन करून म्हटलं, सोमवारी निघते गं.

"आई," ती म्हणाली, "मग मी आता जरा झोपते."