डावा हात बांधायचा होता

खामगावच्या डॉक्टरांनी नवऱ्याचा डावा हात बांधून ठेवायला सांगितला होता, आणि मी तो रोज सोडत होते. वर स्वतःला मोठी पतिव्रता समजत होते. तेव्हाची मी म्हणजे अंगानं सतरा वर्षांची आणि अकलेनं पाळण्यातली. आज भेटली तर आधी चिमटा काढीन, मग बोलेन तिच्याशी.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आमचे हे अमडापूरचे पहिलवान. दुसरबीडकडच्या एका जत्रेत कुस्ती खेळताना उजव्या खांद्यावर पडले, मान दुसरीकडे हिसकली आणि हात लोंबायला लागला. हाड शाबूत होतं. गावच्या मालिशवाल्यानं तीन आठवडे तेल जिरवलं. हाताची बोटं तेवढी वळवळत, कोपर जेमतेम वाकायचं. मग खामगाव गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "मानेतून हाताकडे जाणारी शीर ओढली गेली आहे. ती सावकाश भरून येईल. पण तोवर डोक्याला हा हात विसरू द्यायचा नाही."

म्हणून रोज अर्धा दिवस चांगला हात बांधायचा, जेवणखाण दुखऱ्यानंच. वाटीतले तुरीचे दाणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. आणि डोळे मिटून मनातल्या मनात कुस्ती खेळायची.

सासूबाई खमक्या. मळ्यात वांगी तोडायला जाण्याआधी लुगड्याच्या चिंधीनं लेकाचा डावा हात छातीशी बांधून जात. मी घरी. पहिल्याच दिवशी ह्यांनी तीनदा घास उचलला, तीनदा वरण धोतरावर सांडलं. कान लालबुंद झाले. तेवढ्यात शेजारची काकू दारातून डोकावली.

"काऊन वो, नवऱ्याले बैलावानी बांधून ठेवलं काय?"

झालं. मी गाठ सोडली आणि घास भरवायला बसले. ह्यांनी गुमान आ केला. तुरीचे दाणेही मीच भराभर टाकले. सासूबाई यायच्या आत पुन्हा गाठ मारली आणि भरलेली वाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती पाहून देवापुढे साखर ठेवली. मीही लाजबिज न वाटता त्यातली चिमूटभर खाल्ली.

दोन महिने हाच धंदा.

मनातल्या कुस्तीचं मला भारी हसू यायचं. हे खाटेवर डोळे मिटून बसले की मी विचारायची, "कोन जिकलं वो?"

"मीच. अजून कोन जिकन?"

एक दिवस असंच विचारलं. हे डोळे न उघडताच म्हणाले, "तिथंबी हात उचलत नाही आता."

मी हसले. खरंच हसले. मला ती थट्टा वाटली.

पुन्हा खामगावला गेलो तेव्हा कोपर अर्ध्यावर अडकलेलं, बोटं आत वळलेली. डॉक्टरांनी टाचणी टोचली. ह्यांना टोचलेलं कळलं. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, "शीर भरून येते आहे. आता उचला पाहू हात." हात जागचा हलला नाही. पुन्हा सांगितलं. नाही.

"हे घरी जेवतात कशानं?"

"मी भरवते ना, साहेब," मी पदर सावरून सांगितलं. शाबासकी मिळेल म्हणून वाट पाहत होते.

डॉक्टरांनी टाचणी पेटीत ठेवली. "अजूनही प्रयत्न करा. थोडंफार येईल. कुस्ती मात्र विसरा."

एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघं बसलो. मला रडायचीही लाज वाटत होती. हे उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते, दुसऱ्याचं सामान सांभाळायला घ्यावं तसा. गाडी लागली, लोक चढायला लागले, तरी हे उठेनात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले:

"गाठ तू सोडली, हे खरं हाय. पन म्याबी एकडाव 'नोको सोडू' म्हटलं नाही. मायले काही सांगू नोको. ते रोज वाटी पाहून खूश होत होती."