गेरू लावलेला आंबा

आमच्या सोसायटीचा माळी बोनकोड्याचा. दार वाजवावं तसं तो आंब्याचं खोड बोटांनी वाजवायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "आत हाय तो." मग खोडातल्या भोकात तार घालून आतून लाकूड पोखरणारी भिरुडाची अळी ओढून काढायचा, पेट्रोलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपायचा.

सुंदर सोसायटी स्पर्धेचे परीक्षक येणार होते. सेक्रेटरी मीच. चिखलाचे डाग दिसू नयेत म्हणून मी झाडांना गेरू फासायला सांगितलं.

"साहेब, भोकं झाकली तर तो कुठं खातोय ते दिसनार नाय."

"नको दिसू दे," मी म्हणालो.

ढाल मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात आंबा उभाच वाळला. तोडल्यावर माळ्याने त्याचा एक पोखरलेला ओंडका आणून ऑफिसात ढालीशेजारी ठेवला. टेबलभर भुसा सांडला.

"रंग टिकला, साहेब," एवढंच म्हणाला.