तीन ठोकळे

विश्रांतवाडीच्या पुढे माझी काँक्रीट तपासायची प्रयोगशाळा आहे. बांधकामावरून ठोकळे येतात, अठ्ठावीस दिवस भरले की मशीनखाली फोडून त्यांची ताकद मोजायची, एवढंच काम.

नव्या इंजिनिअरचा अर्ज आला की मी आधी कॉलेजचं नाव वाचतो. ज्या कॉलेजची जाहिरात सिटी बसच्या पाठीवर असते, तिथल्या मुलांवर माझा विश्वास नाही. प्रयोगाच्या जर्नलमध्ये आधी उत्तर लिहायचं आणि मग उलटं गणित करून रीडिंग भरायची, हे मी स्वतः केलेलं आहे. माझं कॉलेज नामांकित होतं, हा भाग वेगळा.

गेल्या वर्षी अशाच एका बसवाल्या कॉलेजची मुलगी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतली. दुसरं कोणी आलंच नाही, म्हणून. मी सारखा तिच्या मागे असायचो. मशीन शून्यावर आणलं का, ठोकळा पुसला का. ती जेवायला गेली की तिची वही चाळायचो. सांगायला लाज वाटते, पण चाळायचो. चूक सापडेना, तसा संशय वाढतच गेला.

सहावा महिना संपायला चार दिवस होते. तिला नको म्हणायचं पत्र मी टाइप करून ठेवलं होतं. त्या दिवशी एका मोठ्या इमारतीचे तीन ठोकळे फोडायचे होते. पहिला फोडून ती केबिनमध्ये आली. म्हणाली, फारच कमी भाराला फुटला. मनात म्हटलं, सापडली. याच इमारतीचे आधीचे सगळे ठोकळे माझ्याकडच्या सीनियर इंजिनिअरने फोडले होते आणि सगळे पास झाले होते. सीनियर माझ्याच कॉलेजचा.

उरलेले दोन मी स्वतः फोडले. दोन्ही तसेच कमी भाराला फुटले.

मी पत्र फाडलं. जरा ओशाळूनच तिला म्हणालो, "बरं झालं, लगेच येऊन सांगितलंस."

"सांगायला नव्हते आले, सर. विचारायला आले होते," ती म्हणाली. "सीनियर सर म्हणाले, आकडा बरा करून लिही, मागच्या मजल्यांशी जुळला पाहिजे. कॉलेजात आम्ही तसंच करायचो. कामावर पण तसंच करतात का?"

"नाही," मी म्हणालो.

मागच्या सात मजल्यांच्या रिपोर्टांवर माझी सही होती. त्यांच्या आकड्यांचं रजिस्टर टेबलावरच होतं. तिच्यादेखत ते उघडायची माझी हिंमत झाली नाही.