शेपटीबाई आणि बावन्न चुका

छापखान्यात त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘शेपटीबाई’. नाव ठेवणाऱ्याची काही चूक नव्हती. स्वल्पविरामाने उडी मारून वर जाऊन बसावं, तसं इंग्रजी शब्दाच्या डोक्याशी जे एवढंसं चिन्ह लटकलेलं असतं, त्याला बाई सरळ ‘शेपटी’ म्हणायच्या. लांबलचक नाव घेत बसायला वेळ कुणाला? प्रूफ हातात घेऊन त्या दारातूनच ओरडायच्या, “अगं, इथली शेपटी खाल्लीस का?” नाहीतर, “ही शेपटी कुणाची? उचल आधी!” एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

बरं, हे वेड छापखान्यापुरतं असतं तर एक वेळ ठीक. भाजीच्या दुकानाबाहेर खडूने लिहिलेल्या इंग्रजी पाटीवर टोमॅटोच्या अनेकवचनाला शेपटी दिसली, की बाई पिशवी खाली ठेवून ओल्या बोटाने ती पुसायच्या. “अनेकवचनाला शेपटी नसते हो,” असं दुकानदाराला ऐकवून मग टोमॅटोचा भाव विचारायच्या. त्यांचे यजमान अशा वेळी दहा पावलं पुढे जाऊन, ही बाई आपली कुणी नव्हेच, असा चेहरा करून उभे राहत.

बाईंच्या हाताखाली एक डीटीपीवाली होती, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणारी. तिशीची, हाताला चपळ, पण मुखदुर्बळ. इंग्रजीतले सारख्या तोंडाचे शब्द तिला बाईंनीच शिकवले होते. “हे बघ, ‘देअर’ तीन आहेत. एक जागा दाखवतो, एक ‘त्यांचं’ म्हणून मालकी सांगतो, आणि तिसरा दोन शब्द चिकटवून केलेला, म्हणून त्याला शेपटी. आवाज एक, पण तिघांचे संसार वेगळे. आणि ‘इट्स’! ‘ते आहे’ म्हणायचं असेल तर शेपटी दे. ‘त्याचं’ म्हणायचं असेल तर देऊ नकोस, मालकी असली तरी देऊ नकोस. का म्हणून विचारू नकोस, मी काही ही भाषा केलेली नाही.”

शिकवायच्या छान, पण विचारायची सोय नव्हती. बाईंचा कायदा एकच: लाल खूण म्हणजे हुकूम. बाईंनी लाल पेनाने खूण करायची, डीटीपीवालीने ती दुरुस्ती संगणकावर करायची आणि त्या खुणेशेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण करून कागद परत द्यायचा. मध्ये काही शंका निघाली, की बाईंचा आवाज चढलाच म्हणून समजा. “तू बोटं चालव, डोकं चालवायला मी आहे.” ती बिचारी मान खाली घालून जागेवर जायची.

आता मागच्या वर्षी काय झालं, तर एका शाळेच्या माहितीपुस्तकात एक अख्खी ओळ दोनदा छापली गेली. खाली प्रिंट ऑर्डरवर, म्हणजे ‘छापा’ म्हणून जिथे शेवटची सही लागते तिथे, सही बाईंची. मालक तेव्हा काही बोलले नाहीत. पण महिन्याभरात त्यांनी संगणकावर चुका तपासणारा एक प्रोग्रॅम आणून बसवला आणि यंदाचं मोठं काम आलं तेव्हा बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

“बाई, आठवीच्या मुलांचं इंग्रजीचं वर्कबुक आहे. तीस हजार प्रती. शाळा उघडायच्या आत पोचल्या पाहिजेत. हे नीट निघालं तर तुमची खुर्ची जिथल्या तिथे आहे. पण यातही घोळ झाला, तर मग मला त्या यंत्रावरच विसंबावं लागेल. राग मानू नका.”

राग कसला मानणार? बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि काढून टाकलेली म्हणून नव्हे, तर आपल्या पायांनी, सगळ्यांचा निरोप घेऊन त्यांना त्या दारातून बाहेर पडायचं होतं. एवढीच इच्छा होती हो त्यांची, फार काही मागणं नव्हतं.

वर्कबुक तर अगदी बाईंच्या माहेरचं. शेपटी कुठे द्यावी, कुठे देऊ नये आणि सारख्या तोंडाचे शब्द ओळखावेत कसे, एवढाच विषय. बाई कंबर कसून बसल्या. त्यांची काम करायची रीत ठरलेली होती. प्रूफाची एक झेरॉक्स घरी न्यायची, तिच्यावर निवांत खुणा करायच्या, मग दुसऱ्या दिवशी त्या खुणा छापखान्यातल्या प्रतीवर उतरवायच्या. आणि वाचायचं ते खालून वर. पानाची शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. सरळ वाचलं की अर्थ डोळ्यांना ओढून नेतो आणि चूक हातची निसटते, असं त्यांना त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं. मथळे आणि सूचना तर त्या साऱ्या पुस्तकाच्या एकदम, शेवटी, वेगळ्या बसून तपासत. या रितीने एकतीस वर्षांत हजारो चुका पकडल्या होत्या. रितीवर बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटची सोळा पानं शनिवारी दुपारी दुरुस्त होऊन हातात आली तेव्हा बाईंचं डोकं ठणकत होतं. त्यांनी लाल खुणा बघितल्या, प्रत्येक खुणेशेजारी पेन्सिलीची खूण बघितली, आणि नवीन प्रूफ ओळीला ओळ लावून न बघता प्रिंट ऑर्डरवर सही ठोकली. हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण हंगाम होता, मशीन रविवारीही चालणार होतं आणि मशीनमन दारात ताटकळत उभा होता.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास यजमान स्वयंपाकघरातल्या खणांना कागद घालत होते. बाईंच्या घरच्या झेरॉक्सचा शेवट नेहमी तिथेच व्हायचा. एक कागद कापता कापता ते थांबले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, “अगं, हे काय करून ठेवलंस?”

“काय केलं?”

“इथे वर लिहिलंय, ‘पुढील प्रत्येक वाक्यात एक चूक आहे. ती शोधून दुरुस्त करा.’ आणि खाली सगळ्या तूच दुरुस्त केल्या आहेस. मग पोरांनी काय करायचं, तुझं अक्षर बघत बसायचं?”

ते हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद ओढून घेतला, आणि दुसरा, आणि तिसरा. एकोणपन्नास, पन्नास, एकावन्न, बावन्न. बावन्न वाक्यं मुद्दाम चुकीची रचलेली, आणि बावन्नच्या बावन्न बाईंनी खालून वर जाताना एकेक करून धुऊन काढलेली. पुस्तकाच्या शेवटी मुलांची सगळ्यात मोठी परीक्षा होती, आणि तिच्यात आता चूक म्हणून उरली नव्हती. सूचना वेगळ्या तपासल्या तेव्हा त्याही त्यांना शुद्ध सापडल्या होत्या. असणारच!

“अहो,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मशीन सुरू झालं असेल.”

यजमानांचं हसू मावळलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. छापखान्यात फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मशीन चालू असलं की तिथे कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, फोन कोण ऐकणार? मालकांचा फोन बंद. बाईंनी घरातल्याच चपला पायात सरकवल्या.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. “एकतीस वर्षं,” बाई म्हणाल्या, “एकतीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या, आणि शेवटी चुका काढल्या म्हणूनच जाणार. हसतील हो सगळे. कुणी रागावलं असतं तर सोसलं असतं.” यजमानांना एरवी बोलायला विषय लागत नसे. आज त्यांनी नुसती बाईंची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

गल्लीच्या तोंडाशीच मशीनची धडधड ऐकू आली. बाई आत शिरल्या तर शाईचा वास, गरम हवा, आणि छापलेल्या कागदांची चळत छातीएवढी. मशीनमनने हात वर करून काहीतरी विचारलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. वरचा ओला कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच वरून खाली वाचायला लागल्या.

पहिलं वाक्य. कुत्र्याने आपली शेपूट हलवली, असं काहीतरी, आणि ‘त्याचं’ म्हणणाऱ्या ‘इट्स’ला भली थोरली शेपटी. चूक! दुसरं वाक्य. मुलांनी त्यांची दप्तरं उचलली, आणि तिथे ‘देअर’ जागेचा. चूक! तिसरं. ‘लूज’मध्ये एक ‘ओ’ जास्त पडल्याने किल्ली हरवण्याऐवजी सैल झालेली. चूक! चौथं चूक, पाचवं चूक. बाईंचं बोट ओळींवरून धावत होतं, ओली शाई बोटाला लागत होती, आणि त्या मोठमोठ्याने म्हणत होत्या, “चुकलंय! अहो, हेही चुकलंय! सगळं चुकलंय!”

यजमान घाबरले. “म्हणजे वाईट झालं का?”

“अहो, वाईट कसलं! बावन्नच्या बावन्न आहेत!” आणि बाई तिथल्या रद्दीच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते पुसताना नाकावर, गालांवर काळी शाई. मशीनमनने मशीन बंद केलं. एकतीस वर्षांत बाईंना असं कुणी बघितलं नव्हतं.

मशीन थांबलं तेव्हा बाईंना कोपऱ्यातल्या स्टुलावर डीटीपीवाली दिसली. रविवारी तिचं इथे काही काम नव्हतं. मांडीवर डबा होता, न उघडलेला.

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “तू केलंस हे? माझ्या खुणा गाळल्यास?”

ती उभी राहिली. “पेन्सिलीच्या खुणा मात्र केल्या मी,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “नाहीतर तुम्ही परत पाठवलं असतं. काल तीनदा विचारायला आले होते, बाई. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, लाल खूण आहे ना, मग टाक मुकाट्याने.”

म्हणाल्या होत्या. बाईंना तिन्ही वेळा आठवल्या. तिसऱ्या वेळी तर त्यांनी वर मान करूनही बघितलं नव्हतं.

एवढ्यात मालक आले. सहज चक्कर टाकायला आले होते. त्यांनी कागद उचलला, सूचना वाचली, खालची वाक्यं वाचली आणि तोंडभर हसले. “वा, बाई! काल हीच पानं मी गंमत म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये घातली. त्याला काही उमगेना. जिकडेतिकडे लाल रेघा, म्हणे हे दुरुस्त करा, ते दुरुस्त करा. कुठली चूक ठेवायची हे माणसालाच कळतं. मान गये! तुमची खुर्ची कुणी हलवत नाही आता.”

झालं की! जे हवं होतं ते आयतं पदरात पडलं. बाईंनी नुसती मान डोलवायची होती. यजमान डोळ्यांनी ‘चला आता घरी’ म्हणत होते. मशीनमनला काही माहीत नव्हतं. आणि डीटीपीवाली? तिने तर मान आधीच खाली घातली होती, ती जन्मात बोलली नसती.

बाई उठल्या. “मालक, मलाही कळलं नव्हतं. मी सगळ्या बावन्न दुरुस्त केल्या होत्या. नवीन प्रूफ न बघता सहीही केली. हिने माझा हुकूम मोडला म्हणून पुस्तक वाचलं. खुर्चीचं काय ते तुम्ही ठरवा, पण शाबासकी हिची आहे, ती हिला द्या.”

मालकांनी एकदा शाई माखलेल्या बाईंकडे बघितलं, एकदा त्या मुखदुर्बळ पोरीकडे. मग म्हणाले, “खुर्ची ठेवा, बाई. पण यापुढे प्रिंट ऑर्डरवर सह्या दोन लागतील. तुमची आणि हिची.” आणि मशीनमनला हाताने खूण केली. धडधड पुन्हा सुरू झाली.

बाईंना इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की दोन वर्षांची काळजी अंगावरून उतरवून ठेवल्यासारखी झाली. त्यांनी त्या मुलीचा हात धरून तिला बाहेरच्या ओट्यावर नेलं. तिथे बोललेलं ऐकू येत होतं.

“आणि तू इथे काय करत होतीस गं, सुटीच्या दिवशी?”

“घरी राहवेना. कालपासून घास उतरला नाही घशाखाली. सारखं वाटत होतं, मशीन थांबवावं आणि तुमच्या खुणांप्रमाणे करून टाकावं.”

“अगं पण का? तुला दिसत होतं ना, तुझं बरोबर आहे ते?”

“दिसत होतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही कधीच चुकत नाही ना, बाई. म्हणून वाटलं, मीच चुकत असेन.”

एकतीस वर्षांत जे वाक्य बाईंनी कुणासमोर उच्चारलं नव्हतं, ते आता बाहेर आलं.

“चुकते गं मी,” बाई म्हणाल्या. “डबा उघड. जेव आधी.”