पहिला ठोसा न मारणारी खाला

खाला कधीही पहिला ठोसा मारायची नाही. टीव्हीवरच्या गेममध्ये समोरचा गडी नाचतोय, उड्या मारतोय, लाथा झाडतोय, आणि खालाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा दोन्ही हात तोंडासमोर धरून नुसता उभा. "थांब, थांब," असं ती पुटपुटायची. ते मला नसायचं, रिमोटवरच्या स्वतःच्या अंगठ्यांना असायचं. समोरच्याचा एक मोठा वार फुकट गेला आणि तो क्षणभर उघडा पडला, की म्हाताऱ्याचा हात सुटायचा. समोरचा गडी आडवा. मग खाला रिमोट मांडीवर ठेवून ओढणी सारखी करायची आणि विचारायची, "चहा ठेवू काय?"

दोहात, अल मन्सूराला, आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये ती आमच्या समोरच राहायची; मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. रत्नागिरीकडची, पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी जरा बेजार. तिचे मिस्टर, ज्यांना मी खालू म्हणायचे, लुसैलला नव्या टॉवरांमध्ये एसीच्या कामावर फोरमन होते. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि जाताना मारामारीच्या खेळाचं जुनं मशीन इथंच ठेवून गेला, तिकडे त्यानं नवीन घेतलं. मग खालानं ते शिकून घेतलं. "फोनवर 'जेवलास काय' झालं की पुढं काय बोलायचं गो? तो 'हां' म्हणतो, मी 'हां' म्हणते. आता नेटवर आम्ही तासभर मारामारी करतो आणि मारता मारता तो सगळं सांगतो. कुठली भाजी खाल्ली, कुणाशी भांडला, सगळं."

मी तेव्हा लग्न होऊन दोहाला नवीन आले होते. हे सकाळी ड्युटीवर गेले की संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी. हिंदी समजायची, पण तोंडातून निघायची नाही. लिफ्टमध्ये कुणी असलं तर मी जिन्यानं जायची. खालानं दिलेल्या खिरीची वाटी परत द्यायला गेले तेव्हा ती खेळत होती. तिनं वाटीकडे पाहिलंही नाही.

"बस. तो दुसरा रिमोट धर."

"मला नाही येत."

"येत असतं तर कशाला बसवलं असतं? बस."

मी एक बारकी, चपळ पोरगी निवडली आणि दिसेल ते बटण दाबत सुटले. "अगो, मसाला कुटतेस काय?" खाला म्हणाली, आणि तिच्या म्हाताऱ्यानं माझ्या पोरीला उचलून आपटलं. मी म्हणाले, "खाला, तुम्ही फार जोरात मारता." तर ती म्हणाली, "तुम्ही-बिम्ही करशील तर मारताना तुझा हात कचरेल. तू म्हण." त्या दिवसापासून मी तिला तू म्हणायला लागले.

तिची शिकवण्याची पद्धत वेगळीच होती. मला मारायचीच बंदी. रोज दुपारी मी फक्त अडवायचं. वरून आला तर उभं राहून, पायाशी आला तर बसून. मी अडवत राहायची आणि माझा जीव, म्हणजे पडद्यावरची ती हिरवी पट्टी, थोडा थोडा कमी व्हायचा. मला रडू यायचं. खाला म्हणायची, "तुझ्या पोरीकडे बघू नको. ती कुठं पळून जात नाय. माझ्या म्हाताऱ्याकडे बघ." हे मला फार दिवस कळलंच नाही. माझी नजर सारखी आपल्याच माणसावर. मग एका दुपारी ती आपोआप त्याच्या खांद्याकडे गेली, आणि मला दिसलं की मोठा ठोसा मारायच्या आधी तो खांदा मागे घेतो. खांदा मागे गेला, मी अडवलं. पुन्हा मागे, पुन्हा अडवलं. त्या दिवशी चहाबरोबर खालानं घावन घातलं.

मारायची परवानगी मिळाली तशी दुसरी गोष्ट सुरू झाली. मी हरले की तिचा एकच प्रश्न, "कशानं?"

"तू भारी आहेस म्हणून."

"ते नाय. कशानं?"

"मी उडी मारली."

"का मारलीस?"

"घाबरले म्हणून."

"हां. आता पुढचा डाव."

माझ्या हरण्याबद्दल मला इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. उत्तर दिल्याशिवाय ती पुढचा डाव लावायचीच नाही, म्हणून मला बोलावं लागायचं. मी बोलायला लागले ते तिथं.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या बॅचलर मुलांपैकी कुणीतरी यायचं. "आंटी, आज छोडूंगा नहीं," म्हणायचं आणि हरून चहा पिऊन जायचं. खाला कुणालाच सोडायची नाही. मलाही नाही. माझी शून्यावर आलेली पट्टी बघून तिला कधी कीव आली नाही. एकदा मी म्हणाले, "एक डाव सोड ना." तर ती खरोखर रागावली. "मी सोडलेला डाव घेऊन तू काय करशील? घरी नेऊन खाशील?"

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला होता. रस्त्यांवर झेंडे लागले, उंच इमारतींवर खेळाडूंची मजल्या-मजल्यांएवढी चित्रं चढली. सगळं शहर पाहुणे येणार म्हणून आवरत होतं. एका दुपारी खालू लवकर घरी आले आणि म्हणाले, "लुसैलचं काम खलास. कंपनी तिकीट काढतेय." टॉवर पूर्ण झाले होते, आता माणसं परत जाणार होती. खालाला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, कारण मुलगा तिकडेच होता. मला मात्र एकच सुचलं. मी तिला अजून एकदाही हरवलं नव्हतं, आणि आता हाती दिवस थोडे होते.

मी घरी सांगितलं तर हे हसले. "जाता जाता भेट म्हणून हरेल की ती."

"ती नाही हरणार," मी म्हणाले. "आणि हरलीच तर मला ते नकोय."

बांधाबांध सुरू झाली. मी मदतीला जायची, आणि खोकी भरून झाली की आम्ही खेळायचो. मी हरत होते, पण थोडक्यात. कधी तिच्या पट्टीत बोटाएवढाच जीव उरायचा. तरी शेवटी म्हातारा मला धरून आपटायचाच, आणि धरण्यापुढं अडवणं चालत नाही. तो धरणार कधी, हे कळायचं नाही. त्या वेळी त्याचा खांदा हलत नसे.

सोफा गेला, पडदे गेले, गालिचा गुंडाळला. रिकाम्या खोलीत साधा खोकलासुद्धा घुमायला लागला. खाला एकेक खोकं बंद करत होती, आणि चिकटपट्टी ओढण्याआधी दर वेळी हळूच "बिस्मिल्ला" म्हणत होती. कुठलंही काम सुरू करताना ती म्हणायचीच. गॅस पेटवताना, दार उघडताना, पीठ भिजवताना. मला त्याची इतकी सवय झाली होती की ऐकू येणंच बंद झालं होतं. मग आम्ही फरशीवर बसून डाव लावला. म्हातारा उभा, माझी पोरगी उभी. आणि त्या मोकळ्या खोलीत मला स्पष्ट ऐकू आलं, "बिस्मिल्ला." लगेच म्हाताऱ्यानं मला धरलं.

मी हरले. पण या वेळी तिनं "कशानं?" विचारायच्या आधीच मी म्हणाले, "कळलं मला. लाव पुढचा."

पुढच्या डावात मी अडवत राहिले. तिच्यासारखंच, नुसती उभी. ती थांबली, मीही थांबले. मग कुजबुजल्यासारखं आलं, "बिस्मिल्ला." मी उडी मारली. म्हाताऱ्याचे हात हवेत मिटले, आणि माझ्या पोरीनं वरून येऊन त्याला जे धरलं ते तो पडेपर्यंत सोडलं नाही.

मी किंचाळले. माझा एवढा मोठा आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं. खालू आतल्या खोलीतून धावत आले. "काय झालं? कोण पडलं?"

"मी पडले," खाला म्हणाली. ती पडद्याकडे बघतच होती. मग माझ्याकडे वळली. "कसं केलंस गो?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की ओढणीनं डोळे पुसायला लागली. "अल्लाचं नाव घेऊन मारते म्हणून पकडली गेले होय!"

"मग आता घेऊ नकोस."

"वा! घेणार. मनात घेईन. लाव परत."

तिनं ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले आणि तो डाव जिंकला. मला वाटलं, संपलं. म्हणजे मी फक्त कानानं जिंकले होते. पण तिनं विचारलं, "कशानं?" आणि मी म्हणाले, "आवाजाची वाट बघत बसले. तुझ्याकडे बघितलंच नाही." ती म्हणाली, "हां. आता पुढचा डाव."

त्या डावात खोलीत कसलाच आवाज नव्हता. मी म्हाताऱ्याकडे बघितलं, फक्त त्याच्याकडे. तो एक पाऊल पुढे सरकला, थांबला, अर्धं पाऊल आणखी सरकला. धरायचं असेल तर जवळ यावंच लागतं, हे इतक्या दिवसांत मी का पाहिलं नव्हतं कोण जाणे. तिसऱ्या पावलाला मी ठोसा मारला, आणि मग मारतच राहिले. बटणं कुटली नाहीत, एकेक वार मोजून मारला. म्हातारा पडला. मी किंचाळले नाही. खालानं रिमोट खाली ठेवला आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

निघायच्या दिवशी लिफ्टपाशी सगळे जमले होते. शेजारची केरळची सिस्टर, खालच्या किराणा दुकानातला माणूस, विमानतळावर नेणारा ड्रायव्हर, शुक्रवारची ती मुलं. मी आमच्या ह्यांच्या मागे उभी होते. खालानं मला हाताला धरून पुढे ओढलं.

"इसको पहचानते हो ना?"

"हां," सिस्टर म्हणाली, "वो चुपचाप वाली."

"चुपचाप वाली ने मुझे हराया है," खाला म्हणाली. "इन सब लड़कों से नहीं हुआ, इसने किया. एक बार."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "दो बार, खाला."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. "सुना?" खाला ओरडली. "यल्ला, चलो, अब मैं जाती हूँ." ती लिफ्टमध्ये शिरली, आणि दार मिटेपर्यंत सगळ्यांना दोन बोटं उंच करून दाखवत राहिली.