आवाज कसा पायजे?

लग्न ठरलं तेव्हा यांनी कबूल केलं होतं, मोटारसायकलवरून कोकणात नेईन, समुद्र दाखवीन. पुढे विषय काढला की म्हणायचे, "तुझं माहेर पळसदेव. दारात उजनी धरणाचं एवढं पाणी हाय, आन् समुद्र कशाला?" मी म्हणायचे, "उन्हाळ्यात हटतं आन् आतलं देऊळ दिसतं. तसला समुद्र मला न्हाय चालायचा." शेवटी एका हिवाळ्यात कारखान्यातून रजा मंजूर झाली. ती हुकली की वर्षभर समुद्राचं नाव नको.

पण गाडीची पुंगळी गंजून तिला भोकं पडली होती. पुंगळी म्हणजे सायलेन्सर. लांबच्या रस्त्याला नवी हवी, आणि तीही कंपनीची नको, बाहेरची, आवाजाची. मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत यांनी होकार दिला होता. पुंगळीसाठी मात्र दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीला, बारामतीच्या खेपा सुरू झाल्या.

पहिल्या खेपेला मीही बरोबर होते. गॅरेजवाल्यानं विचारलं, "आवाज कसा पायजे?"

यांनी गाल फुगवून तोंडानं काढून दाखवला. "डुग... डुग... डुग."

"तसा न्हाय मिळायचा. असा हाय. धडाड-धड, धडाड-धड."

"जरा खालच्या पट्टीत?"

"घुम्म-घुम्म?"

"व्हय, पण मधी दम घिऊन."

दोन मिशीवाले बाप्ये भर रस्त्यात समोरासमोर उभे राहून एकमेकांवर घुमत होते. शेजारच्या रसवंतीतली गिऱ्हाईकं ग्लास हातात धरून बघत राहिली. मी पदर तोंडात कोंबला आणि या माणसाला आपण ओळखतच नाही असा चेहरा केला.

घुम्मवाली बसवून घरी आलो. तेव्हा फोन घरोघरी नव्हते, आमचं घर गाडीच्या आवाजावर चालायचं. पाटाच्या पुलावर गाडी वाजली की मी तवा ठेवायचे, सासूबाई धारेला बसायच्या आणि हे येऊन पेंड टाकणार म्हणून म्हैस पान्हा सोडायची. नवा आवाज तिला काही ओळखू येईना. तिनं बादलीला लाथ हाणली, दावं तोडलं आणि उसात शिरली. सासूबाईंनी उसातूनच निकाल दिला, "म्हस आटली तर समिंदर न्हाय आन् काय न्हाय!"

पुढच्या गुरुवारी हे मुकी पुंगळी घेऊन आले. इतकी मुकी, की हे दारात येऊन उभे राहिले तरी सासूबाई शेजारणीला सांगतच होत्या, "पोरगं बापावर गेलंय. अक्कल बेताचीच." यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. तीही परत गेली.

तिसऱ्या खेपेला रजा परवावर आली होती आणि हे पुन्हा गाल फुगवायला लागले. माझं टाळकंच सरकलं.

"थांबा. आता मी सांगती."

गॅरेजवाला हसला. "सांगा वैनी. आवाज कसा पायजे?"

"मी मागं बसून बोलले तर यांना ऐकू यील असा."

मग गॅरेजवाल्यानं आतून एक साधी काळी पुंगळी आणून बसवली. मी मागे बसले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "ऐकू येतंय का?" हे म्हणाले, "येतंय की." घरी म्हशीलाही ती चालली, कारण यांनी पेंड जरा जास्तच टाकली होती.

कोकणात एका वळणावर झाडांच्या मधून निळं काही दिसलं. मी म्हणाले, "अहो, थांबा." एकदाच, हळू.

गाडी तिथंच थांबली. लग्नानंतरच्या दोन वर्षांत माझ्या शब्दाला थांबली ती तेव्हाच. समुद्राकडे नीट बघायच्या आधीच मला रडू कोसळलं. यांना वाटलं, मला गाडी लागली. बिचारे घाबरून पिशवीत लिंबू शोधायला लागले.