पण कुठून?

आमच्या दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. तिथल्याच द्वारका उपनगरात राहतात. घरी मराठी, बाहेर हिंदी. त्यांना काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: "अच्छा, पण कुठून?" आज मेट्रोला गर्दी होती म्हटलं, तरी "कुठून?" मला वैताग यायचा.

ते रजेवर असताना पानिपत शाखेच्या मॅडम रोज फोन करत होत्या. हजेरीचं पोर्टल तिथे उघडत नव्हतं आणि कामावर असूनही सगळ्यांची गैरहजेरी लागत होती. आम्ही आमच्याकडे उघडून बघायचो आणि सांगायचो, "यहाँ तो चल रहा है." साहेबांच्या मते मंडळी उशिरा येत असणार.

रजेवरून आल्यावर यांनी पानिपतच्या राउटरवरून पोर्टलपर्यंतचा रस्ता तपासला. सगळं ठीक होतं.

"बघा!" मी म्हटलं.

"यार, हे राउटरने स्वतःच्या पत्त्यावरून विचारलं. मॅडम काय राउटरवर बसतात?"

मग निघण्याचा पत्ता म्हणून त्यांनी मॅडमच्या कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्ता घातला. स्क्रीनवर नुसत्या फुल्या आल्या, म्हणजे उत्तर परत येतच नव्हतं.

"मॅडमच्या इथून निघालेल्याला आपल्याकडून परतीचा रस्ताच कुणी दिलेला नाही," ते म्हणाले.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण साहेबांना सांगण्याआधी त्यांनी पानिपतला फोन लावला. "मॅडम, आप सही कह रही थीं. गलती हमारी थी."

पलीकडून आवाज आला, "रुकिए, स्पीकर पर डालती हूँ. अब फिर से बोलिए."

ते खुर्चीतून उठले आणि साहेबांच्या केबिनपर्यंत पोचेल अशा आवाजात पुन्हा बोलले.